हॅटीसबर्गची दोन दप्तरे : चित्रपुस्तकांचा संग्रह आणि बंद दारे

१.
१४ ऑगस्ट १९६४. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील हॅटीसबर्ग हे शहर. सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी आपल्या शिक्षिकेसह तेथील सार्वजनिक ग्रंथालयात गेले. शिक्षिका सँड्रा ॲडिक्स या न्यूयॉर्कहून आलेल्या गौरवर्णीय तरुणी होत्या. कृष्णवर्णीय मुलांसाठी त्या उन्हाळ्यात मिसिसिपीत ठिकठिकाणी ‘स्वातंत्र्य शाळा’ भरत होत्या, त्यांपैकी एका शाळेत त्या शिकवत. विद्यार्थ्यांची मागणी साधी होती : ग्रंथालयाचे सभासद-कार्ड. सार्वजनिक ठिकाणी वर्णभेद करण्यास मनाई करणारा नागरी हक्क कायदा संमत होऊन तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते. कार्ड मिळाले नाही. पोलीस आले आणि सर्वांसाठीच ग्रंथालय बंद करण्यात आले. कृष्णवर्णीय मुलांना पुस्तके देण्यापेक्षा कोणालाच ती न देणे त्या शहराच्या कारभाऱ्यांना सोयीचे वाटले.

२.
यानंतर दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, याच हॅटीसबर्गमध्ये मुलांच्या पुस्तकांसाठी एक दप्तर उभे राहू लागले. त्याचे नाव डी ग्रमंड बालसाहित्य संग्रह. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न मिसिसिपी या विद्यापीठातील हा संग्रह आज उत्तर अमेरिकेतील अग्रगण्य बालसाहित्य संग्रहांमध्ये गणला जातो. १,३०० हून अधिक लेखक-चित्रकारांची मूळ चित्रे, हस्तलिखिते, पत्रे आणि कच्च्या प्रती तेथे आहेत. छापील पुस्तकांची संख्या दीड लाखाच्या पुढे आहे. त्यांतील सर्वांत जुने पुस्तक म्हणजे इसापच्या नीतिकथांची १५३० सालची लॅटिन आवृत्ती.

ज्या शहरात मुलांना ग्रंथालयातून परत पाठवले गेले, त्याच शहरात मुलांच्या पुस्तकांचा इतका मोठा ठेवा कसा जमला? आणि ज्या विद्यापीठाने तो जमवला, त्याचा स्वतःचा इतिहास काय सांगतो?

३.
प्रथम मूळ चित्रांविषयी. पुस्तक छापून झाल्यावर ज्या कागदावर चित्रकाराने ते चित्र काढले, त्या कागदाचे काय होते? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या प्रश्नाचे उत्तर बहुधा निराशाजनक होते. छापील पान ही अंतिम वस्तू, मूळ चित्र हे केवळ साधन, असाच समज होता. मूळ चित्रे प्रकाशकाच्या गोदामात पडून राहत, कोणाला भेट दिली जात किंवा रद्दीत जात. कलादालने त्यांना कला मानत नसत. विद्यापीठीय ग्रंथालयांच्या लेखी बालसाहित्य हा गंभीर अभ्यासाचा विषय नव्हता.

शिवाय अनेक पुस्तकांच्या बाबतीत ‘मूळ चित्र’ असे एक चित्र अस्तित्वातच नसे. रंगीत छपाईचा खर्च वाचवण्यासाठी चित्रकारालाच रंग वेगळे करून द्यावे लागत. एका चित्रासाठी तीन किंवा चार स्वतंत्र थर तयार होत. पिवळ्या रंगाचा एक, लाल रंगाचा दुसरा, निळ्याचा तिसरा, काळ्याचा चौथा. गंमत अशी की हे सारे थर पुष्कळदा काळ्या शाईतच काढलेले असत. रंग चढे तो छापखान्यात, आणि चारही थर एकमेकांवर नेमके बसले तरच चित्र उमटे. असे थर पाहिले म्हणजे चित्रपुस्तकामागचे कष्ट ध्यानात येतात. परंतु पाहण्यासाठी ते कोणीतरी जपून ठेवायला हवे.

४.
अमेरिकेत हे जपण्याचे काम मुख्यतः विद्यापीठांनी केले. वॉशिंग्टनमध्ये सरकारी अन्न व औषध प्रशासनात काम करणारे डॉ. अर्विन कर्लन मुलांची पुस्तके जमवत. पुढे त्या पुस्तकांमागची चित्रे आणि हस्तलिखितेही ते गोळा करू लागले. १९४९ मध्ये त्यांचा संग्रह मिनेसोटा विद्यापीठाकडे गेला. ओहायो राज्यातील फिंडले येथे १९८२ मध्ये जेरी मॅलेट या प्राध्यापकाच्या पुढाकाराने मॅझा संग्रहाची स्थापना झाली. आज ते केवळ चित्रपुस्तकांच्या मूळ चित्रांना वाहिलेले विद्यापीठीय संग्रहालय आहे आणि तेथील चित्रांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे. संग्रहालय चित्र भिंतीवर लावून दाखवते, तर दप्तर चित्रामागचा कागद न् कागद सांभाळते. हॅटीसबर्गचा संग्रह या दुसऱ्या प्रकारचा आहे. पेशवे दप्तरातील रुमाल सोडल्यावर हिशेबाच्या एखाद्या क्षुल्लक चिठ्ठीतून इतिहास बोलू लागतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या दुसऱ्या प्रकाराचे मोल वेगळे सांगायला नको.

५.
लीना यंग डी ग्रमंड या लुईझियाना राज्यात शालेय ग्रंथालयांच्या पर्यवेक्षिका होत्या. तेथून निवृत्त झाल्यावर त्या हॅटीसबर्गच्या विद्यापीठात बालसाहित्य शिकवण्यास आल्या. त्यांचे विद्यार्थी म्हणजे भावी ग्रंथपाल. पुस्तक कसे घडते हे या विद्यार्थ्यांना केवळ व्याख्यानातून सांगण्यापेक्षा घडणीचे कागदच दाखवावेत, असे त्यांना वाटले. संग्रह विकत घेण्याइतका पैसा हाताशी नव्हता. त्यांनी पत्रे लिहिण्यास आरंभ केला. लेखकांना, चित्रकारांना, एकामागून एक. मागणी अशी की पुस्तकासाठी काढलेली रेखाटने, खाडाखोड केलेली हस्तलिखिते, मुद्रिते, संपादकांची पत्रे, जे काही उरले असेल ते विद्यापीठाला द्यावे. ज्या वस्तू निर्मात्यांनाही बिनकामाच्या वाटत होत्या, त्याच त्यांनी मागितल्या. टपालाने पाकिटे आणि खोकी येऊ लागली.

६.
या पत्रांना सुरुवातीच्या काळात प्रतिसाद देणाऱ्यांत हान्स आणि मार्गरेट रे हे दांपत्य होते. ‘क्युरियस जॉर्ज’ या खोडकर माकडाचे हे जन्मदाते. दोघेही हॅम्बुर्गमध्ये जन्मलेले जर्मन ज्यू. १९३५ मध्ये ब्राझीलमध्ये त्यांचा विवाह झाला, तेथील नागरिकत्वही त्यांनी घेतले, आणि नंतर ते पॅरिसला येऊन राहिले. जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसच्या दिशेने येऊ लागले. गाड्या मिळेनात. हान्सने सुटे भाग मिळवून दोन सायकली जोडल्या. १२ जूनला दोघे सायकलींवरून शहराबाहेर पडले. जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले १४ जूनला. दोघांच्या मोजक्या सामानात एक हस्तलिखित होते. त्यातल्या माकडाचे नाव तेव्हा ‘फीफी’ होते. फ्रान्स, स्पेन, लिस्बन, रिओ असा प्रवास करून ऑक्टोबरमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. १९४१ मध्ये फीफीचा जॉर्ज झाला आणि पुस्तक प्रसिद्ध झाले.

या पलायनाची साक्ष देणाऱ्या हान्सच्या छोट्या रोजनिशा आज हॅटीसबर्गमध्ये आहेत. लुईझ बॉर्डन या लेखिकेने या कागदपत्रांचा धागा पकडून दांपत्याच्या प्रवासाचा माग काढला आणि २००५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. मार्गरेट यांचा १९९६ मध्ये मृत्यू झाल्यावर दांपत्याचे उरलेले साहित्यिक कागदही याच संग्रहाकडे आले. निर्वासितांच्या पाठीवरच्या पिशवीतून आलेल्या कागदांना या विद्यापीठाने असे घर दिले.

७.
पण हेच विद्यापीठ काही वर्षांपूर्वी आपल्याच शहरातील एका तरुणाला दारात उभे करीत नव्हते.

क्लाइड केनर्ड यांचा जन्म १९२७ मध्ये हॅटीसबर्गमध्ये झाला. ते अमेरिकन सैन्यात होते, कोरियाच्या युद्धात हवाई छत्री दलात लढले. पुढे शिकागो विद्यापीठात शिकत असताना, १९५५ मध्ये, घरची पोल्ट्री सांभाळण्यासाठी त्यांना गावी परतावे लागले. राहिलेले शिक्षण घराजवळच पूर्ण करावे, म्हणून त्यांनी स्थानिक महाविद्यालयात प्रवेश मागितला. तेव्हा या संस्थेचे नाव मिसिसिपी सदर्न कॉलेज होते. १९६२ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ते केवळ गौरवर्णीयांसाठी होते. केनर्ड अर्ज करत राहिले. आपली बाजू मांडणारी संयत पत्रे त्यांनी स्थानिक वृत्तपत्रात लिहिली.

८.
संस्थेचे अध्यक्ष होते विल्यम मॅक्केन. ते स्वतः इतिहासाचे जाणकार. अध्यक्षपदावर येण्यापूर्वी मिसिसिपी राज्याच्या अभिलेखागाराचे ते संचालक होते. सप्टेंबर १९५९ मध्ये केनर्ड त्यांना भेटले. भेट आटोपून बाहेर पडताच पोलिसांनी केनर्ड यांना बेदरकार गाडी चालवणे आणि मद्य बाळगणे या आरोपांखाली पकडले. मिसिसिपीत तेव्हा दारूबंदी होती.

पुढच्या वर्षी दुसरा खटला उभा राहिला. २५ डॉलर किमतीच्या कोंबड्यांच्या खाद्याची चोरी झाली होती. चोरी करणाऱ्या तरुणाने साक्ष दिली की ती केनर्ड यांच्या सांगण्यावरून केली. ज्युरीत सर्व गौरवर्णीय. दोषी ठरवायला त्यांना दहा मिनिटे पुरली. केनर्ड यांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली आणि त्यांची रवानगी पार्चमनच्या कुप्रसिद्ध कारागृहात झाली, जिथे कैद्यांना शेतावर राबवले जाई. ज्याच्या साक्षीवर हे घडले तो तरुण मात्र तुरुंगात गेलाच नाही. कारागृहात केनर्ड यांना कर्करोग झाल्याचे १९६१ मध्ये निष्पन्न झाले. १९६३ च्या आरंभी, मरणासन्न अवस्थेत, त्यांची सुटका झाली. ४ जुलै १९६३ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

९.
त्याच १९६३ साली अमेरिकन ग्रंथालय संघाचे कॅल्डेकॉट पदक एका लहानशा चित्रपुस्तकाला मिळाले. वर्षातील सर्वोत्तम अमेरिकन चित्रपुस्तकाला हे पदक दिले जाते. पुस्तकाचे नाव ‘द स्नोई डे’ आणि चित्रकार-लेखक एझ्रा जॅक केट्स. कथा एवढीच : पीटर नावाचा मुलगा सकाळी उठतो, बाहेर बर्फ पडलेला असतो, लाल कोट घालून तो दिवसभर बर्फात खेळतो. पीटर कृष्णवर्णीय आहे, पण कथेत त्याचा कोठेही उल्लेख नाही. कृष्णवर्णीय बालनायक असलेल्या पुस्तकाला हे पदक प्रथमच मिळत होते.

केट्स स्वतः गौरवर्णीय होते. ब्रुकलिनमध्ये पोलिश ज्यू स्थलांतरितांच्या गरीब घरात त्यांचा जन्म झाला. मूळ आडनाव कॅट्झ. ज्यूद्वेषाचा अनुभव घेतल्यावर १९४७ मध्ये त्यांनी नाव बदलले. १९४० मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकात जॉर्जिया राज्यातील एका लहान कृष्णवर्णीय मुलाची छायाचित्रे आली होती. रक्ततपासणीची सुई टोचण्यापूर्वीचे आणि नंतरचे त्याचे भाव त्यांत टिपलेले होते. केट्स यांनी ते कात्रण कापून ठेवले. वीसहून अधिक वर्षे ते त्यांच्यापाशी होते. स्वतःचे पुस्तक करण्याची वेळ आली तेव्हा त्या चेहऱ्यातून पीटर घडला.

चित्रांची पद्धतही निराळी होती. नक्षीदार कागद आणि कापडाचे तुकडे चिकटवून त्यांनी कोलाज केले. खोडरबर कोरून हिमकणांचे ठसे बनवले. दात घासण्याच्या ब्रशने शाईचे शिंतोडे उडवून करड्या छटा आणल्या. एका शिक्षिकेने त्यांना कळवले की, तिच्या वर्गातील कृष्णवर्णीय मुले स्वतःचे चित्र रंगवताना आता प्रथमच तपकिरी खडू उचलू लागली आहेत.

१०.
हे पुस्तक किती एकाकी होते, ते नॅन्सी लॅरिक यांच्या सप्टेंबर १९६५ मधील एका लेखाने दाखवले. न्यूयॉर्कच्या बालवाडीतील पाच वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीने, पुस्तकांतली मुले नेहमी गोरीच का असतात, असे विचारल्याचे त्यांनी लेखाच्या आरंभी सांगितले. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत प्रसिद्ध झालेली ५,२०६ बालपुस्तके त्यांनी विचारात घेतली. त्यांपैकी ज्यांत एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती दिसते अशी पुस्तके निघाली ३४९, म्हणजे शंभरात सातही नव्हेत. लॅरिक यांनी ‘द स्नोई डे’लाही सूट दिली नाही. पीटरच्या आईचे चित्रण त्यांना साचेबद्ध वाटले. केट्स यांना ही टीका फार लागली. त्या टीकेचा एक अर्थ मात्र स्पष्ट होता : इतर पुस्तकांत आया नव्हत्याच, म्हणून या एका आईवर सगळ्यांच्या अपेक्षांचा भार पडला होता.

११.
लॅरिक यांचा लेख प्रसिद्ध झाला त्याच सप्टेंबरमध्ये हॅटीसबर्गच्या विद्यापीठाचे दार अखेर उघडले. रेलॉनी ब्रांच आणि ग्वेंडोलिन इलेन आर्मस्ट्राँग या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी प्रवेश घेतला. केनर्ड यांच्या मृत्यूला तेव्हा दोन वर्षे झाली होती. अध्यक्षपदी मॅक्केनच होते. शहरातील द्वेष संपला नव्हता. १० जानेवारी १९६६ च्या पहाटे केनर्ड यांचे सहकारी आणि मतदान हक्कासाठी झटणारे नेते व्हर्नन डॅमर यांच्या घरावर कु क्लक्स क्लानने आगीचे बॉम्ब फेकले. भाजल्याने डॅमर यांचा मृत्यू झाला. हेच ते १९६६ साल, ज्या वर्षी लीना डी ग्रमंड यांच्या पत्रांना उत्तरे म्हणून चित्रांची खोकी येऊ लागली.

१२.
केट्स यांचे १९८३ मध्ये निधन झाले. त्यांची मूळ चित्रे, हस्तलिखिते आणि पत्रे त्यानंतर हॅटीसबर्गच्या संग्रहात आली. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यू संग्रहालयात केट्स यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा त्यासाठी चित्रे मिसिसिपीहून गेली. केट्स यांच्या नावाचा, नवोदित लेखक-चित्रकारांना दिला जाणारा पुरस्कारही पुढे याच विद्यापीठाच्या बालपुस्तक महोत्सवाशी जोडला गेला.

आता एक तपशील. विद्यापीठाने १९७० च्या दशकात आपल्या दुर्मीळ संग्रहांसाठी एक स्वतंत्र इमारत बांधली. डी ग्रमंड संग्रह या इमारतीत ठेवण्यात आला. इमारतीचे नाव : मॅक्केन ग्रंथालय व अभिलेखागार. केनर्ड यांना दाराबाहेर ठेवणाऱ्या अध्यक्षाच्या नावाच्या इमारतीत पीटरच्या कथेचे कागद विसावले. केनर्ड यांचे नावही आज त्याच आवारात आहे. १९९३ मध्ये विद्यार्थी सेवा केंद्राच्या एका इमारतीला त्यांचे आणि या विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय वॉल्टर वॉशिंग्टन यांचे नाव देण्यात आले.

१३.
हॅटीसबर्गच्या इतिहासाशी निगडित आणखी एक दप्तर आहे. वर्णविभाजन टिकवण्यासाठी मिसिसिपी सरकारने १९५६ मध्ये ‘सार्वभौमत्व आयोग’ नावाची यंत्रणा स्थापन केली होती. ती नागरिकांवर पाळत ठेवी. तिच्या गुप्त फायली न्यायालयाच्या आदेशाने १९९८ मध्ये खुल्या झाल्या. त्या ठेवल्या होत्या राज्याच्या अभिलेखागारात, ज्याचे मॅक्केन एके काळी संचालक होते. केनर्ड यांच्यावर पाळत कशी ठेवली गेली, महाविद्यालयाशी याबाबत कशी चर्चा झाली, इतकेच नव्हे तर त्यांच्या गाडीला ‘अपघात’ घडवता येईल असे कोणी कसे सुचवले, हे सारे त्या फायलींत नोंदलेले निघाले. नोंद करणाऱ्यांना त्यात लपवण्यासारखे काही वाटले नव्हते.

२००५ मध्ये त्या जुन्या खटल्यातील साक्षीदाराने एका पत्रकारापाशी कबूल केले की, केनर्ड यांचा चोरीशी संबंध नव्हता. इलिनॉय राज्यातील एका शाळेच्या तीन विद्यार्थिनी, त्यांचे शिक्षक आणि कायद्याचे एक प्राध्यापक यांनी हे प्रकरण लावून धरले. मे २००६ मध्ये न्यायालयाने केनर्ड यांची शिक्षा रद्दबातल ठरवली. २०१८ मध्ये विद्यापीठाने त्यांना मरणोत्तर मानद डॉक्टरेट दिली. ज्या पदवीसाठी त्यांनी अर्ज केला होता, ती त्यांना आयुष्यात मिळाली नाही.

१४.
या दोन दप्तरांकडे एकत्र पाहिले की काय दिसते? एक दप्तर मायेने जमवलेले, तर दुसरे संशयाने. पहिल्यात लाल कोटातल्या मुलाची कच्ची रेखाटने आहेत, दुसऱ्यात शिकू पाहणाऱ्या माणसाची वाट अडवल्याची टिपणे. संग्रहालय केवळ सुंदर चित्रे भिंतीवर लावते आणि ती कोणत्या इमारतीत, कोणत्या शहरात लावली आहेत हे सांगत नाही, तेव्हा अर्धाच इतिहास दिसतो. उलट केवळ अन्यायाच्या फायली वाचल्या, तर त्याच गावात एका निवृत्त शिक्षिकेने पत्रामागून पत्र लिहून मुलांच्या चित्रांसाठी घर उभे केले, हे निसटते.

१९६४ मध्ये कार्ड मागणारे सहा विद्यार्थी कोणत्या पुस्तकासाठी ग्रंथालयात गेले, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. ‘द स्नोई डे’ प्रसिद्ध होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. आज त्या पुस्तकाची कोलाजे, ठसे आणि कात्रणे ज्या शहरात जपलेली आहेत, तेथे अभ्यासकाला ती पाहता येतात. त्यासाठी आता कोणाचा वर्ण विचारला जात नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी त्या शहराला कोणती किंमत मोजावी लागली, आणि ती कोणी मोजली, हे त्या चित्रांइतकेच जपून ठेवण्यासारखे आहे.